माहूरची तरफ आणि बिदरचा मदरसा

श्रोतेहो, माहूरचा गड ढाणकीकरांना नवा नाही. परंतु त्या गडाचा बिदरच्या एका मदरशाशी संबंध आहे, असे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटेल. तोच संबंध आम्ही आज आपल्यापुढे मांडणार आहोत.

इराणातील गिलान प्रांताचा महमूद गवान १४५३ साली दक्षिणेत आला व पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. १४७२ साली त्याने बिदरला मदरसा बांधला. अशा निवासी विद्यालयांची परंपरा इस्लामी जगात जुनी होती. अकराव्या शतकात निजाम-उल-मुल्क या वजिराने बगदादला असेच विद्यालय स्थापिले होते आणि प्रख्यात पंडित गझालीने तेथे अध्यापन केले. आपल्याकडे गरीब विद्यार्थी माधुकरी मागून शिके. तिकडे वक्फाच्या, म्हणजे धर्मार्थ लावून दिलेल्या मिळकतीच्या, उत्पन्नावर त्याचा निर्वाह होई.

बिदरच्या तीन मजली इमारतीत मशीद, व्याख्यानाचे दिवाणखाने, ग्रंथालय आणि गुरुशिष्यांना राहावयाच्या खोल्या होत्या. ग्रंथ ३,००० होते, असे सांगतात. कुराण व धर्मशास्त्र यांबरोबर तत्त्वज्ञान आणि गणितही तेथे शिकवीत.

याच गवानने राज्यकारभाराची नवी घडी बसविली. पूर्वीच्या चार तरफांच्या त्याने आठ केल्या. त्यात वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन भाग झाले. तरफदारांचे बळ घटले आणि ते त्याचे वैरी बनले. त्यांनी कोऱ्या कागदावर गवानची मोहर उमटवून घेतली व त्यावर ओरिसाच्या राजाला लिहिलेले फितुरीचे पत्र रचले. मोहर आपली, पण मजकूर आपला नव्हे, असे वृद्ध वजिराने सांगून पाहिले. सुलतान तिसऱ्या मुहंमदशहाने चौकशी केलीच नाही. १४८१ साली गवानचा वध झाला. पुढे राज्य फुटले आणि १४९० साली वऱ्हाडात इमादशाही उभी राहिली.

मदरसा मात्र संस्थापकामागेही टिकला. १६९६ साली तेथे साठविलेल्या दारूचा स्फोट होऊन इमारतीचा मोठा भाग ढासळला. एक मनोरा अद्याप उभा आहे. बिदरला गेलात तर तो अवश्य पाहा. ज्याने शेकडो मैलांवरून ग्रंथ आणवून मुलांना वाचावयास दिले, त्याच्याविरुद्धचा एक कागद नीट वाचून पाहण्याची तसदी त्याच्या धन्याने घेतली नाही, हे तेथे आपल्याला आठवल्यावाचून राहणार नाही.