चव घ्यायला आलात? आधी बादली उचला

आधी पायातले बूट नीट झटका. खिशात द्राक्षाची एखादी काडी, कलम, मुळाला चिकटलेली माती असलं काही असेल तर तेही इथेच टाका. आपण निघालो आहोत तिथे वेलीच्या मुळांवर जगणाऱ्या फायलोक्सेरा नावाच्या किडीची भारी धास्ती आहे. शेजारच्या व्हिक्टोरियात तिने बागाच्या बागा उद्ध्वस्त केल्या. साउथ ऑस्ट्रेलियात ती अजून शिरलेली नाही, आणि तुमच्या बुटातून शिरली असं व्हायला नको. झालं? चला तर. साल 1890 च्या पुढचं कुठलंही धरा, महिना मात्र मार्चचा.

पहिला चटका उन्हाचा. सावलीला म्हणून तुम्ही सवयीने भिंतीच्या उत्तर बाजूला जाल आणि चांगले भाजून निघाल, कारण या गोलार्धात सूर्य उत्तरेकडून तापतो. वाराही तिकडूनच येतो, आतल्या वाळवंटावरून, कोरडा आणि धुळीने भरलेला. ओठ पाच मिनिटांत फुटतात. मग नाकात शिरतो निलगिरीचा वास. सर्दी झाली की रुमालावर टाकतो तोच, पण इथे तो बाटलीतून येत नाही. रस्त्याच्या कडेला साल सोलून उभ्या असलेल्या प्रचंड झाडांतून येतो. वर पांढऱ्या काकाकुव्यांचा थवा कर्कश ओरडतो आहे. तुम्ही काही विचारलंत तर उत्तर ऐकू यायचं नाही.

आणि आलं, तरी कळेलच असं नाही. इथे जर्मन चालते. ॲडलेडपासून सत्तरेक किलोमीटरवरच्या या बारोसा खोऱ्यात 1842 मध्ये बेथनी गावात पहिली घरं उठली ती सायलेशियाकडून आलेल्या ल्युथरन कुटुंबांची. आपल्या पद्धतीने देवाची प्रार्थना करता यावी म्हणून ती समुद्र ओलांडून आली होती. चर्चची घंटा, दुकानाची पाटी, बैठकीतलं भांडण, सगळं जर्मनमध्ये. त्यांच्याआधी ही जमीन पेरामांक आणि न्गाजुरी लोकांची होती. आजच्या दिवसात बागेत त्यांच्यापैकी कोणी तुम्हाला दिसणार नाही, आणि गावात त्याबद्दल कोणी बोलणारही नाही.

तुम्ही आलात ते वाइनची चव घ्यायला, हे मला ठाऊक आहे. आजच्या बारोसात त्याची सोय चोख असते. गाडी लावायची, ‘सेलर डोअर’ अशी पाटी शोधायची, थंडगार खोलीत काउंटरशी उभं राहायचं. समोर पाच-सहा पेले, चीजचे तुकडे, आणि गिळायचं नसेल तर थुंकायला भांडं. ते भांडं पाहून आपल्याकडच्या माणसाचा जीव तुटतो, ते सोडा. पण आत्ता तुम्ही याच खोऱ्यातल्या सेपेल्ट्सफील्ड या वाइनरीच्या आवारात उभे आहात आणि असा काउंटर इथे कुठेही नाही. आहे ती धूळ, घोडे, लगबग आणि तुमच्याकडे रोखून पाहणारी एक म्हातारी. डोक्याला झालरीची सुती टोपी, दंडापर्यंत सरसावलेल्या बाह्या. ती एक शब्द न बोलता तुमच्या हातात बादली आणि वाकड्या पात्याची सुरी ठेवते.

“आजी, मी पाहुणा आहे हो...”

आजीने पाठ फिरवलेली असते. तोडणीच्या दिवसांत पाहुणा ही जात इथे नसते.

नाशिक-सांगलीकडची नजर घेऊन आला असाल तर ‘मांडव कुठेय?’ हेच पहिलं मनात येईल. मांडव नाही, तारा नाहीत. एकेक वेल स्वतंत्र, जेमतेम कमरेएवढी, मनगटाहून जाड काळं खोड, आणि त्यातून चहूबाजूंनी जमिनीकडे झुकलेल्या फांद्या. म्हणजे घड खाली, पानांच्या आत. म्हणजे तुमची कंबर गेलीच. पहिल्या ओळीत तुम्ही वाकून काम करता, दुसरीत गुडघ्यावर येता, तिसरीत मातीत बसून सरकता. हात आत घालताना सापाचा विचार डोक्यातून जात नाही, आणि तो विचार अगदीच चुकीचा आहे असंही कोणी सांगत नाही.

एक मणी तोंडात टाका, त्याला हरकत नाही. आपल्या खायच्या द्राक्षापेक्षा कितीतरी बारीक, साल जाड, बी मोठी. रस असा गोड की दात एकमेकांना चिकटतात, आणि मागून सालीचा तुरटपणा येऊन जीभ आवळतो. ही शिराझ. पलीकडे ग्रेनाश, त्याच्याही पलीकडे मातारो. तासाभरात बोटं काळी-जांभळी होतात, सुरीची मूठ चिकटून बसते आणि माश्या येतात. आपल्याकडची माशी अन्नावर बसते, इथलीला तुमच्या डोळ्याच्या कोपऱ्यातला ओलावा हवा असतो. हाताने हाकलायला जाल तर तोंडाला रस लागतो, रसाला आणखी माश्या येतात. शेजारच्या ओळीतली सात-आठ वर्षांची पोरगी तुमच्याकडे बघून खिदळते. तिची तिसरी बादली भरली आहे. तुमची पहिली अजून अर्धी.

जेवणाची हाक आली की मात्र तुम्ही सगळ्यात पुढे. गाडीच्या सावलीत फडकी अंथरली आहेत. लाकडाच्या भट्टीतला जाड कवचाचा पाव, धुरावर टांगून मुरवलेलं मेटवुर्स्ट सॉसेज, शेपू घालून आंबवलेल्या काकड्या. काकडी चावली की कडकन आवाज होतो आणि आंबट पाणी हनुवटीवरून ओघळतं. उन्हात याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही, असं माझं ठाम मत आहे. मग एक मोठं वाडगं फिरत येतं. आत गडद लाल, थरथरतं काहीतरी. चमचा घालून बघता तर आत मऊ, पारदर्शक दाणे.

साबुदाणा! हो, साबुदाणाच. काळ्या द्राक्षांच्या रसात साखर घालून शिजवलेला. याला इथे ‘रोटे ग्रूत्से’ म्हणतात, वर दाट साय ओततात, आणि बारोसाच्या घराघरात तो अजूनही होतो. आपण ज्याची खिचडी करून एकादशी साजरी करतो त्याला ही माणसं द्राक्षात घालतात. उपासाला चालतो का, हे शेजारी सॉसेज खाणाऱ्या बाप्याला विचारू नका.

दुपारी भरल्या गाडीवर बसून टेकडी चढायची. घोड्यांचा घाम, आंबू लागलेल्या घडांचा वास आणि चाकांची करकर. तुम्हाला वाटतं, एवढी जड गाडी उगाच माथ्यावर का नेतात? वर पोचल्यावर कळतं. मालक बेन्नो सेपेल्ट यांच्या डोक्यातली ही करामत आहे. वडील जोसेफ अर्न्स्ट इथे तंबाखू पिकवायला आले, तंबाखू काही जमला नाही, मग द्राक्षाकडे वळले. मुलाला रसायनशास्त्राचा नाद. त्याने 1888 मध्ये टेकडीच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी आख्खी वाइनरी उतरवली. माथ्यावर घड चिरडायचे, रस-साली खालच्या टाक्यांत उतरवायच्या, तिथे आंबलं की वाइन आणखी खाली. उचलाउचलीचं बरंचसं काम उतारच करतो.

राहिलेलं काम माणसाचं, आणि आज त्यातला एक माणूस तुम्ही आहात. दाताळ्याने घड ओढून यंत्राच्या तोंडात लोटायचे. खाली रूळ फिरतात, मणी फुटल्याचा सततचा पचपच आवाज येतो, रस चेहऱ्यावर उडतो. काही वेळाने सगळेच जांभळे, कोण मालकाचा मुलगा आणि कोण मजूर ते ओळखू येत नाही. मालकाची मुलं ओळखायची तरी किती? बेन्नो आणि सोफी यांच्या घरात डझनाहून जास्त पोरं आहेत.

मग टाक्यांच्या माळ्यावर या. गुऱ्हाळात काहिलीजवळ उभं राहिल्यावर जशी अंगावर गोड वाफ येते, तशीच इथे येते, फक्त तिला दारूची धार आहे. टाकीत साली वर येऊन त्यांचा जाड थर झाला आहे, त्याच्या भेगांतून गुलाबी फेस फुसफुसतो. उघड्या अंगाचा एक गडी लांब दांड्याने तो थर खाली दाबतो. हात लावून बघा, टाकीचं अंग कोमट आहे. याच गरमीला सगळे घाबरतात. बाहेर असलं ऊन आणि आत आंबण्याची स्वतःची ऊब. रस फार तापला की यीस्ट मरतं आणि आंबणं मध्येच बंद पडतं.

पोर्ट करायची असेल तर तेच मुद्दाम करतात. रसात बरीच गोडी शिल्लक असतानाच तो खाली सोडतात आणि त्यात द्राक्षाचीच उकळून काढलेली कडक दारू ओततात. यीस्ट जागच्या जागी गार, गोडी तशीच राहते, आणि वाइन इतकी कडक होते की ऊन, प्रवास, बोट, काही तिला फारसं बाधत नाही. ओततानाचा वास नाकातून थेट मेंदूत जातो. डोळ्यांत पाणी येतं. तुम्ही आशेने पेल्याकडे पाहता. गडी तुमच्या हातात फावडं देतो.

रस गेल्यावर टाकीत राहिला चोथा. तो आत उतरून उपसायचा. पण थांबा, उडी मारू नका. आधी गडी दोरीला बांधलेली पेटती मेणबत्ती टाकीत सोडतो. ज्योत लवते, बारीक होते, विझते. तो मान हलवतो. आंबताना निघालेला वायू तळाशी साठून राहिला आहे. रंग नाही, दिसत नाही, उतरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. खालचं झाकण उघडून वारा खेळवतात, पुन्हा मेणबत्ती सोडतात. या वेळी ज्योत सरळ उभी राहते. मग उतरा. पिंडऱ्यांपर्यंत गरम, मऊ चोथा, बोटांच्या बेचक्यांतून वर येणाऱ्या बिया, डोक्यावर आभाळाचा एक चौकोन. फावडं चालवा, बोलू नका, श्वास वाचवा.

बाहेर आलात की पिंपवाल्यांच्या छपरात बसा थोडं. तिथे बसणं म्हणजे आराम, असं मात्र समजू नका. कड्या ठोकणारे तिघे पिंपाभोवती गोल फिरत हातोडे मारतात, ठण ठण ठण, आणि कान बधिर होतात. मध्ये शेकोटी, तिच्यावर उभं केलेलं अर्धं पिंप आतून शेकतंय. ओकच्या फळ्या गरम होऊन वाकतात आणि छपरात पाव भाजल्याचा खरपूस वास पसरतो. कोपऱ्यात जुन्या पिंपात गंधकाची पट्टी जाळली आहे. त्या वासाने ठसका लागला की सगळे हसतात. नव्या माणसाला तो लागतोच.

आता मात्र तुम्हाला खरंच आत नेतात. जाड दगडी भिंती, आत शिरताच घामावर काटा. कंदिलाच्या उजेडात पिंपांच्या रांगा. जिना चढून वर या. इथे थंडावा नाही, छप्पर तापलेलं आहे, तरी एक पिंप मोठ्या मानाने बाजूला ठेवलं आहे. हे 1878 चं. कोठाराची ही इमारत पूर्ण झाली तेव्हा बेन्नोंनी त्या हंगामातली उत्तम पोर्ट यात भरली आणि सांगून टाकलं, शंभर वर्षं कोणी हात लावायचा नाही. पुढेही दर वर्षी एक-एक पिंप बाजूला पडत गेलं, आणि गंमत म्हणजे घरच्यांनी शब्द पाळला. पहिलं पिंप खरोखर 1978 मध्ये बाहेर आलं. शंभर वर्षांत लाकडातून इतकं उडून जातं की उरलेली वाइन काळपट, दाट होते आणि पेल्याच्या काचेवर तपकिरी थर सोडून उतरते. आज तिथे गेलात, आणि खिशाला झेपलं, तर तुमच्या जन्मसालाच्या पिंपातली चव तुम्हाला देतात. वय लपवणाऱ्यांनी जोडीदाराला सोबत नेऊ नये.

पण आत्ता ते पिंप जेमतेम मिसरूड फुटण्याच्या वयाचं आहे. तुम्ही त्याच्या बुचाकडे बोट नेता, आणि कंदीलवाला खाकरतो.

त्याला तुमची दया येते. शेजारच्या साध्या पिंपाचं बूच ठोकून काढतो, लांब काचेची नळी आत बुडवतो, वरच्या तोंडावर अंगठा दाबतो आणि पेल्यात सोडतो. पेला एकच आहे, आधी दोघांनी ओठ लावलेला. घ्या. पहिल्यांदा आग, मग मनुका, मग अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा, आणि मग सकाळपासून नाकात बसलेला सगळा गंधक, घाम, धूळ एका घोटात खाली. “थुंकायचं कुठे?” असं चुकूनही विचारू नका. कंदीलवाला पेला काढून घेतो, तळाशी राहिलेला थेंब स्वतः पितो आणि पुढच्या माणसाला हाक मारतो.

शनिवार आहे, म्हणून संध्याकाळी गाडी टानुंडा गावाला निघते. तिथे केगेलचा क्लब आहे, 1858 पासूनचा. लांबट छपराखाली एक पट्टी, टोकाला नऊ लाकडी पिनं, अलीकडे चेंडू आणि बियरचे मग. पाइपचा धूर, टाळ्या, कोणीतरी सूर सोडून गातोय, दुसरा त्याला गप्प बसवतोय. तुम्ही बाह्या सरसावून चेंडूकडे हात नेता. एक दाढीवाला आजोबा तुमचा खांदा धरून तुम्हाला पट्टीच्या पलीकडच्या टोकाला पाठवतो. पडलेली पिनं उचलून पुन्हा उभी करायला माणूस कमी पडतोय म्हणे. उचला भराभर. आणि पाय वर घ्या, आजोबांनी चेंडू सोडला आहे.