विमानाच्या छतापासून डोळ्याच्या भिंगापर्यंत

ॲक्रिलिक हे पारदर्शक प्लास्टिक १९३० च्या दशकात बाजारात आले. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने त्याला प्लेक्सिग्लास म्हटले, तर ब्रिटनमध्ये आयसीआयने पर्स्पेक्स. काचेच्या निम्म्या वजनाचे, सुमारे ९२ टक्के प्रकाश आरपार सोडणारे आणि तापवले की हवा तो बाक घेणारे हे द्रव्य विमानबांधणीला वरदान ठरले. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत पर्स्पेक्सचेच असे.

ऑगस्ट १९४० मध्ये, 'बॅटल ऑफ ब्रिटन' या हवाई युद्धात, गॉर्डन क्लीव्हर या वैमानिकाच्या हरिकेनचे छत गोळ्यांनी फुटले आणि पर्स्पेक्सचे कण त्याच्या दोन्ही डोळ्यांत शिरले. उजव्या डोळ्याची दृष्टी गेली, डावा वाचला. त्याच्यावर उपचार करणारे नेत्रशल्यविशारद हॅरल्ड रिडली यांना एक गोष्ट जाणवली. लोखंडाचा वा तांब्याचा कण डोळ्यात राहिला, तर दाह होतो. पर्स्पेक्सचा कण मात्र वर्षानुवर्षे निरुपद्रवी राहतो.

त्या काळी मोतीबिंदू काढल्यावर डोळा भिंगावाचून राही आणि रुग्णाला जाड चष्मा लावावा लागे. काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरे का बसवत नाही, असे एका विद्यार्थ्याने रिडली यांना विचारले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पर्स्पेक्सचे भिंग प्रथमच एका रुग्णाच्या डोळ्यात बसवले. भिंगाची शक्ती जास्त ठरल्याने रुग्णाला तीव्र निकटदृष्टिता आली. पण डोळ्याने ते भिंग स्वीकारले. डोळ्यातून परकी वस्तू काढणे हाच आपला धर्म मानणाऱ्या ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञांचा विरोध मात्र दीर्घकाळ टिकला. अमेरिकेत अशा भिंगांना अधिकृत मान्यता मिळायला १९८१ साल उजाडले. पुढे क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा त्यातही कृत्रिम भिंगच बसवण्यात आले.

भारतात मोतीबिंदू हे अंधत्वाचे प्रमुख कारण. परंतु आयात भिंगे गरिबांच्या आवाक्याबाहेर होती. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने १९९२ मध्ये ऑरोलॅब ही संस्था उभारून ॲक्रिलिकची भिंगे देशातच घडवण्यास आरंभ केला आणि त्यांची किंमत आयात भिंगांच्या लहानशा अंशावर आणली. आज ऑरोलॅबची भिंगे शंभराहून अधिक देशांत जातात. रिडली यांच्या निरीक्षणाने मार्ग दाखवला. पण दृष्टी गरिबाच्या दारी पोहोचली, ती भिंग स्वस्त झाल्यावरच.