इन्सुलिनचं पेन : कुणाच्या हातासाठी?

“आईला इन्सुलिन सुरू झालंय. डॉक्टर म्हणाले, पुन्हा पुन्हा वापरता येणारं पेन घ्या. दुकानात दोन-तीन प्रकार दिसले. त्यातलं कोणतं घेऊ?” ओळखीच्या एका शिक्षिकेनं आम्हाला हा प्रश्न विचारला. आई सत्तरी ओलांडलेल्या, बोटं संधिवातानं आखडलेली, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

आम्ही काही डॉक्टर नाही. पण प्रयोगशाळेत थेंबाथेंबाचा हिशोब ठेवण्यात आमचा दिवस जातो. त्यामुळे पेनाकडे आम्ही पाहिलं ते एक मोजण्याचं साधन म्हणून. हे साधन कसं घडत गेलं ते पाहिलं, की वरच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आपोआप मिळतं.

सुरुवात कॅनडातल्या टोरांटो शहरात होते. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी, मॅक्लिऑड यांच्या प्रयोगशाळेत, कुत्र्याच्या स्वादुपिंडातून रक्तातली साखर उतरवणारा अर्क काढला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला त्याचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याचा फारसा उपयोग झाला नाही. मग जेम्स कॉलिप यांनी अर्क अधिक शुद्ध केला आणि २३ जानेवारीपासून दिलेल्या इंजेक्शनांनी मुलाची साखर उतरली.

इन्सुलिन हे प्रथिन आहे. तोंडावाटे घेतलं, तर इतर प्रथिनांसारखं तेही पोटात पचून जातं. म्हणून ते तेव्हा टोचूनच घ्यावं लागे, तेही रोज. म्हणजे जे काम दवाखान्यात परिचारिका करायची, ते आता रुग्णानं घरी करायचं होतं. काचेची सिरिंज उकळायची, बोथट झालेली सुई दगडावर घासून टोकदार करायची, बाटलीतून औषध ओढायचं, हवेचे बुडबुडे घालवायचे, बारीक रेघ डोळ्यासमोर धरून मात्रा मोजायची आणि मग टोचायचं. १९५० नंतर हळूहळू एकदाच वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या सिरिंज आल्या. उकळणं आणि घासणं संपलं, पण मोजण्याचं काम हाताकडे आणि डोळ्यांकडेच राहिलं.

हे मोजणं किती नाजूक असतं? इन्सुलिन ‘युनिट’मध्ये मोजतात. एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट असतील, तर एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलिटर. पाण्याचा एक थेंब साधारण ०.०५ मिलिलिटर भरतो. म्हणजे एका थेंबात पाच युनिट झाले! जिथे एकूण मात्राच दहा-वीस युनिटची असते, तिथे एका थेंबाची चूक लहान म्हणता येणार नाही.

त्यात भर पडली ती वेगवेगळ्या तीव्रतांची. ब्रिटनमध्ये बरीच वर्षं एका मिलिलिटरला २० खुणा असलेली सिरिंज वापरात होती, आणि इन्सुलिन मात्र मिलिलिटरला ४० युनिट आणि ८० युनिट अशा दोन्ही तीव्रतांचं मिळे. पहिल्यात एक खूण म्हणजे दोन युनिट, दुसऱ्यात चार. ‘दहा घ्या’ म्हणजे दहा खुणा की दहा युनिट? हा घोळ टाळण्यासाठी ब्रिटननं १९८३ मध्ये सगळं इन्सुलिन मिलिलिटरला १०० युनिट असं केलं.

पेनाची कल्पनाही ब्रिटनमधलीच. शीला रीथ या स्कॉटलंडमधल्या डॉक्टर. त्यांच्या लहान मुलीला मधुमेह होता. १९७५ मध्ये रेल्वेनं लंडनला गेल्या असताना युस्टन स्थानकाच्या स्वच्छतागृहात तिला इंजेक्शन द्यायची वेळ आली. बाटली, सिरिंज, सुई असा सगळा पसारा तिथे मांडताना त्यांना वाटलं, याहून सोपं काहीतरी असायला हवं. ग्लासगोमधले जॉन आयर्लंड आणि जॉन पेटन यांच्यासह त्यांनी खिशात मावणारी, पेनासारखी सिरिंज तयार केली. तिचं वर्णन १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं.

१९८५ मध्ये डेन्मार्कच्या नोवो कंपनीचं पहिलं ‘नोवोपेन’ बाजारात आलं. शाईच्या पेनात कार्ट्रिज बसवावी, तशी त्यात इन्सुलिनची काचेची कार्ट्रिज बसवायची. बटण एकदा दाबलं की दोन युनिट. म्हणजे वीस युनिट हवे असतील तर दहा वेळा दाबायचं आणि मनात मोजत राहायचं! १९८८ च्या दुसऱ्या पेनात ही अडचण दूर झाली. मात्रा आधी फिरवून लावायची आणि एकदाच दाबायचं. १९८९ मध्ये औषध संपलं की फेकून द्यायचं, आधीच भरलेलं पेनही आलं. २००७ पासून शेवटची मात्रा लक्षात ठेवणारी पेनं मिळू लागली.

फिरवून मोजायचं कसं? तुमच्या शाळेतला स्क्रूगेज आठवा. आट्यांचा एक फेरा झाला, की दांडा ठरावीकच अंतर सरकतो. पेनातही दांडा आट्यांवरून पुढे सरकतो आणि कार्ट्रिजमधला रबरी दट्ट्या ढकलतो. कार्ट्रिजचा आतला व्यास एक सेंटिमीटर धरून विद्यार्थ्यांना गणित करू द्या. एका युनिटला दट्ट्या साधारण मिलिमीटरचा आठवा भाग सरकतो. हे अंतर नुसत्या अंगठ्यानं साधणं कठीण आहे. आट्यांना ते सहज जमतं.

म्हणजे या सगळ्या इतिहासाचं सूत्र काय? प्रत्येक टप्प्यावर माणसाच्या हाताचं, डोळ्याचं किंवा स्मरणाचं एकेक काम यंत्रानं स्वतःकडे घेतलं. म्हणून पेन निवडताना ‘सर्वांत चांगलं कोणतं?’ असं विचारू नये. ‘या माणसाला कोणतं काम जड जातं, आणि ते कोणतं पेन उचलतं?’ असं विचारावं.

पण एक गोष्ट त्याआधीची. एका कंपनीची कार्ट्रिज बहुधा दुसऱ्या कंपनीच्या पेनात चालत नाही. त्यामुळे इन्सुलिन आधी ठरतं, ते डॉक्टर ठरवतात, आणि पेन त्यामागून येतं. ती कार्ट्रिज आपल्या गावात नेहमी मिळते का, हे आधीच विचारून घ्यावं.

मग पेन आईच्याच हातात द्यावं. आकडे चष्म्यासकट वाचता येतात का? जास्त फिरवला गेलेला आकडा मागे घेता येतो का? मात्रा मोठी असली की काही पेनांचं बटण बरंच बाहेर येतं. आखडलेल्या अंगठ्याला ते शेवटपर्यंत दाबवतं का? कार्ट्रिज बदलणं जमतं का? नसेल, तर तेवढ्यापुरतं घरातलं कुणी मदतीला असावं, नाहीतर भरलेलं पेन बरं. ‘घेतलं की राहिलं?’ असा गोंधळ होत असेल, तर मात्रा लक्षात ठेवणाऱ्या पेनाला जादा पैसे देणं सार्थकी लागेल. नजर अधू असेल तर नुसत्या ‘टक्’ आवाजावर मोजू नये.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं. ब्रिटननं १९८३ मध्ये मिटवलेला घोळ आपल्याकडे अजून शिल्लक आहे. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन पुष्कळदा मिलिलिटरला ४० युनिटचं असतं, त्याची सिरिंज लाल टोपणाची. पेनाच्या नेहमीच्या कार्ट्रिजमध्ये मात्र मिलिलिटरला १०० युनिट असतात. समजा पेन बिघडलं आणि कुणी घरातल्या लाल टोपणाच्या सिरिंजनं कार्ट्रिजमधलं इन्सुलिन ओढलं. २० च्या खुणेपर्यंत अर्धा मिलिलिटर भरतो आणि अंगात जातात ५० युनिट, म्हणजे अडीचपट! रक्तातली साखर एवढी उतरली तर वयस्क माणसाच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज कधीही खुपसू नये. पेन बंद पडलं तर काय करायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावं. आणि सुई बदलली तरी एकाचं पेन दुसऱ्यानं वापरू नये, कारण रक्ताचा अंश उलटा कार्ट्रिजमध्ये शिरू शकतो.

त्या शिक्षिकेला आम्ही एवढंच सांगितलं, “दुकानात आईंना बरोबर घेऊन जा.” गेल्या, तेव्हा आईंनी एक पेन हातात धरलं, फिरवलं आणि म्हणाल्या, “आकडा दिसतोय, पण हे शेवटपर्यंत दाबवत नाही गं.” त्यांनी दुसरं घेतलं.

आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या घरी आजी-आजोबा असं पेन वापरत असतील. त्याला सांगा, सुई काढलेली असताना ते मोठ्यांसमोर नीट पाहा आणि कार्ट्रिजवरचा आकडा वाचून ये. तो ‘१००’ सगळ्या वर्गानं लक्षात ठेवण्याजोगा आहे.