वटवाघुळांचा ऋतुक्रम आणि आमचा न्याय

पक्ष्यांच्या पंक्तींत ज्यास पाट नाहीं आणि पशूंच्या मेळाव्यांत ज्यास थारा नाहीं, अशा वटवाघुळाचा इतिहास म्हणजे एका परीनें आमच्याच समजुतींचा इतिहास होय.

नंदुरबार तालुक्यांतील रनाळें हें गांव ज्या खानदेशांत आहे, तेथील रात्रीचें पंचांग या प्राण्याच्या उड्डाणावरून वाचतां येईल. फाल्गुन-चैत्रांत मोह फुलला कीं थोरलें वटवाघूळ त्याच्या गोड, रसाळ फुलांकडे वळतें. पुढें फळें पिकलीं म्हणजे गर खाऊन बिया दूरवर टाकतें, आणि नकळत रान पेरतें. आषाढ-श्रावणांत शहरांतील रस्त्याकडेचा खोटा अशोक फळतो. उंबर व देशी बदामही आपापल्या वेळीं पिकतात. त्या मानानें नगरांतील थव्यांची संख्या चढते व उतरते. वसतीचा वड किंवा चिंच पिढ्यानपिढ्या तीच राहते, पाहुणे मात्र ऋतुमानाप्रमाणें कमीजास्त होतात. या येण्याजाण्यांत शकुन नाहीं कीं अपशकुन नाहीं. पोटाचा हिशेब तेवढा आहे.

आंधळेपणाचा आरोपही असाच निराधार. इटलींतील स्पालान्झानी यानें १७९३ सालापासून केलेल्या प्रयोगांत, डोळे गेलेलीं वटवाघुळेंही अंधारांत अडखळत नाहींत असें दाखविलें. त्यांच्या चीत्काराचा प्रतिध्वनि हें याचें कारण होय, हें सिद्ध होण्यास मात्र १९३८ नंतरचे ग्रिफिन व गॅलम्बोस यांचे प्रयोग यावे लागले. आमचें फळखाऊ थोरलें वटवाघूळ तर डोळ्यांनीं व नाकानेंच वाट काढतें.

कायद्यानेंही लोकसमजुतीचीच री ओढली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें फळखाऊ वटवाघुळांस उंदीर व कावळा यांच्या पंगतीस, उपद्रवी प्राण्यांच्या यादींत बसविलें. ती यादी रद्द होण्यास २०२२ ची दुरुस्ती उजाडावी लागली.

मध्यंतरीं २०१८ सालीं केरळांत निपाहची साथ उद्भवली. आणि मार्च २०२० मध्यें महाबळेश्वरच्या गुहेंत पकडलेल्या कांहीं वटवाघुळांत त्या विषाणूविरुद्धचीं प्रतिपिंडें पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेस आढळलीं. सावधगिरी अवश्य बाळगावी. उष्टें फळ खाऊं नये, मेलेल्या प्राण्यास हात लावूं नये. परंतु भयापोटीं झाड तोडणें हा उपाय नव्हे, असें आम्हांस स्पष्टपणें वाटतें. थवा उठून दुसऱ्या वस्तींत जातो, आणि भीति त्याच्या मागोमाग हिंडते.

वडाच्या पारावर आमची बैठक व शेंड्यावर त्यांची वस्ती, ही वांटणी कोणत्याही कायद्याहून जुनी आहे. ती मोडण्यापूर्वीं आम्ही नागरिकांनीं मोहाच्या बियांचा हिशेब एकवार मांडून पाहावा.