टंकलिखित मजकुराचा पुरावा

मजकूर कोणत्या टंकलेखन यंत्रावर उमटला, हे अक्षरांवरून ठरवण्याची न्यायसहायक विज्ञानातील पद्धत. एकाच बनावटीच्या नव्या यंत्रांची अक्षरे जवळजवळ सारखी असतात. वापराने अक्षरांचे खिळे झिजतात, त्यांच्या दांड्या वाकतात, एखादे अक्षर तिरपे किंवा ओळीखाली पडते. असे अनेक दोष वादग्रस्त कागदात आणि जप्त यंत्राच्या नमुन्यात एकत्र जुळले, तरच मत द्यावे. देवनागरी यंत्रावर उकार व मात्रा उमटवताना कागद धरणारी गाडी सरकत नाही. ही चिन्हे अक्षराशी कुठे बसतात, ही जादा खूण मिळते.

नागपूरचा खटला : असे मत पुरावा म्हणून ग्राह्य आहे का, हा प्रश्न भारतीय कायद्यात ठळकपणे आला तो खुनातून नव्हे, सिवनीच्या मद्यनिर्मिती कारखान्याच्या निविदेतून. अबकारी आयुक्त ह. गो. नरगुंदकर व ठेकेदार पटेल यांच्यावर कट व बनावट दस्तऐवजाचा आरोप होता. २० नोव्हेंबर १९४६ या तारखेचे एक पत्र ज्या यंत्रावर टंकलेले म्हटले गेले, ते यंत्रच नागपुरात १९४६ अखेरीपर्यंत आलेले नव्हते, असा फिर्यादी पक्षाचा मुद्दा. उच्च न्यायालयाने पुरावा कायद्याच्या तज्ज्ञमतासंबंधीच्या कलम ४५ मध्ये असे मत बसत नाही असे ठरवले, तरीही त्या मताची चर्चा करून त्यावर काहीसा भर दिला. सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर १९५२ रोजी दोघांना निर्दोष सोडले. तज्ज्ञमत अग्राह्य, या निर्णयाला तेथे कोणी आव्हान दिलेच नाही. वादाविना मान्य झालेला हा मुद्दा पुढे चार दशके पूर्वनिर्णय म्हणून उद्धृत होत राहिला, ही या शास्त्राची मोठी हानी होय. परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी अखंड हवी, हे याच निकालातले सूत्र मात्र चिरस्थायी ठरले. पुण्याच्या शरद बिरधीचंद सारडा खटल्यात (१९८४) त्यावरच पाच तत्त्वे रचली गेली.

दिल्लीतील १९८२ च्या पार्सल-बॉम्ब खुनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये आधीचे मत चुकीचे ठरवले : कलमातील ‘विज्ञान’ या शब्दात टंकलेखनाची तपासणीही येते. पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ३९ मध्ये ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ही आले आहे.

न उलगडलेला खून : कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे ऑक्टोबर १९६६ मध्ये एका विद्यार्थिनीचा खून झाला, महिनाभराने पोलीस व वृत्तपत्राकडे टंकलिखित ‘कबुली’ आली. ती ‘झोडियाक’ या मालिका-खुन्याची, असे काही अभ्यासक मानतात, रिव्हरसाइड पोलीस मानत नाहीत. आलेल्या प्रती कार्बनच्या. कार्बनमधून अक्षर पसरट उमटते व खिळ्यांचे बारीक दोष बुजतात. बनावटीचा अंदाज रॉयल यंत्राचा. तुलनेला प्रत्यक्ष यंत्र नसेल, तर तपासणी बनावटीपाशीच थांबते.