फ्लॉरेन्सचे पाहुणे

सकाळीं नऊच्या सुमारास फ्लॉरेन्सच्या सिन्योरिया चौकांत उभें राहिलें म्हणजे मोठें गमतीचें दृश्य दिसतें. चौकाला मिळणाऱ्या गल्लीगल्लींतून पाहुण्यांच्या टोळ्या आंत शिरत असतात. प्रत्येक टोळीच्या पुढें एक वाटाड्या; त्याच्या हातांत उंच धरलेली मिटलेली छत्री, नाहींतर काठीला बांधलेला रंगीत रुमाल. मागून वीस-पंचवीस माणसें कानांत यंत्र घालून त्याचें बोलणें ऐकत चाललेलीं. पंढरीच्या वाटेवर दिंडी पताकेमागें चालते, तशीच ही चाल. फक्त येथें टाळ नाहींत आणि अभंगही नाहींत. मायकेल अँजेलोच्या दाविदापुढें टोळी पांच मिनिटें थांबते, छायाचित्रें निघतात, आणि छत्री पुढें सरकते. तो दाविद मूळचा नव्हे, नक्कल आहे; मूळ पुतळा १५०४ पासून या जागीं होता, तो १८७३ मध्यें आकादेमियाच्या इमारतींत हलविला आणि १९१० मध्यें येथें नक्कल उभी केली. हें वाटाड्या सांगतो, पण तोंवर निम्म्या लोकांचें लक्ष कबुतरांकडे गेलेलें असतें.

अशा टोळ्यांना हंसणें सोपें आहे. परंतु फ्लॉरेन्समध्यें परका पाहुणा हा केवळ आगंतुक नव्हे. त्याच्या येण्याची तरतूद या शहरानें एका राजकीय करारांत करून ठेविली आहे, आणि ती एका निपुत्रिक विधवेच्या हातून झाली आहे.

मेडिची हें घराणें मूळचें पेढीवाल्यांचें. पंधराव्या शतकांत तें शहराचें कर्तेंधर्तें झालें, सोळाव्यांत राजपदास चढलें. पेढीवर जमलेला पैसा चित्रकारांच्या, मूर्तिकारांच्या आणि ग्रंथलेखकांच्या हातीं गेला, आणि घराण्याच्या वाड्यांत असा संग्रह सांठला कीं युरोपांत त्यास तोड मिळणें कठीण. पण १७३७ च्या जुलैंत शेवटचा ग्रँड ड्यूक जान गास्तोने वारला आणि पुरुषवंश संपला. तस्कानी कोणास द्यावयाची हें युरोपच्या मोठ्या सत्तांनीं आपसांत आधींच ठरविलें होतें. ती लोरेनच्या फ्रान्सिसला मिळाली. या वांटणींत मेडिचींना कोणी विचारलें नाहीं.

मागें उरली जान गास्तोनेची बहीण आना मारिया लुइझा. जर्मनींतील पॅलेटिनेटच्या इलेक्टराची ही राणी पतीच्या निधनानंतर १७१७ मध्यें माहेरीं परतली होती, मूलबाळ नव्हतें. राज्य तिच्या हातीं नव्हतें, परंतु घराण्याच्या चीजवस्तूंवर तिचा हक्क होता. १७३७ सालींच, ३१ ऑक्टोबरला, तिनें नव्या राजवंशाशीं करार केला. चित्रें, पुतळे, ग्रंथ, जवाहीर, सर्व कांहीं तिनें देऊन टाकिलें. अट एकच, कीं यांतील एकही वस्तु राजधानीबाहेर आणि राज्याबाहेर नेतां कामा नये. कारणेंही करारांतच लिहिलीं: राज्याला भूषण व्हावें, लोकांच्या उपयोगीं पडावें, आणि परक्यांचें कुतूहल इकडे ओढावें. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत, राजेलोकांचे संग्रह हुंड्यांत आणि कर्जांत जात असतां, एका बाईला हें सुचावें याचें नवल वाटतें. शेजारच्या मांतुआचें उदाहरण तिच्या डोळ्यांसमोर असलें पाहिजे. तेथील गोन्झागा घराण्यानें आपलीं उत्तमोत्तम चित्रें शंभर वर्षांपूर्वीं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला विकलीं. मांतुआचा वाडा आहे, भिंती आहेत. त्या भिंतींवरचें पुष्कळसें वैभव दुसऱ्यांच्या देशांत आहे.

आना मारिया १७४३ मध्यें वारली. लोरेनच्या घराण्यानें शब्द बहुतांशीं पाळला, आणि १७६९ मध्यें उफीत्सीचीं दारें लोकांस उघडलीं. उफीत्सी म्हणजे कचेऱ्या. पहिल्या कोसिमोनें सरकारी दफ्तरांसाठीं वासारीकडून बांधविलेली ती इमारत. पुढें नेपोलियनच्या अमलांत प्राचीन काळची एक व्हीनस पॅरिसला गेली आणि त्याच्या पाडावानंतर परत आली. तरवारीपुढें करार चालत नाहीं.

या व्हीनसची गोष्ट पाहुण्यांच्या डोळ्यांविषयीं बरेंच सांगते. अठराव्या शतकांतील धनिक इंग्रज तरुण आपल्या शिक्षकासह इटलींत येई, तेव्हां उफीत्सीच्या त्रिबुना दालनांत तिच्यापुढें उभा राहून तो धन्य होई. बोतिचेल्लीचें ‘व्हीनसचा जन्म’ हें चित्र १८१५ मध्यें उफीत्सींत आलें, पण त्यापुढें थांबणारा त्या वेळीं विरळाच. आज नेमकें उलट आहे. बोतिचेल्लीपुढें माणसाला माणूस खेटून उभा असतो, आणि संगमरवरी व्हीनसवरून नजर न टाकतां टोळ्या निघून जातात. वाटाड्याची छत्री जिकडे वळते तिकडेच दोन्ही काळांत माणसें वळलीं. अभिरुचि म्हणून जी मिरविली जाते तींत छत्रीचा भाग किती असतो, हें ज्यानें त्यानें पाहावें.

टोळीनें हिंडण्याची चाल आणिली ती टॉमस कुक या इंग्रजानें. १८६४ मध्यें त्यानें पहिली टोळी इटलींत नेली. आगगाडी, खाणावळ, वाटाड्या, साऱ्यांचे दर आधीं ठरलेले. त्यामुळें शाळामास्तर, दुकानदार आणि एकट्या प्रवास करणाऱ्या स्त्रिया यांना ज्या देशाचें नांवच ऐकून होतें तो देश दिसूं लागला. वरच्या वर्गाला हें खपलें नाहीं. चार्ल्स लीव्हर हा कादंबरीकार त्या वेळीं इटलींत ब्रिटिश व्हाइस-कॉन्सल होता. त्यानें १८६५ मध्यें टोपणनांवानें लेख लिहून कुकच्या पाहुण्यांची यथेच्छ टवाळी केली. ऑस्ट्रेलिया आतां कैदी घेत नाहीं, म्हणून इंग्रज सरकार त्यांना इटलीच्या गांवोगांवीं नेऊन सोडीत आहे, अशी आवई उठविल्याची फुशारकीही त्यानें मारिली. स्वतः लीव्हर फ्लॉरेन्समध्यें कित्येक वर्षें परकाच म्हणून राहिला होता, याचा त्यास विसर पडला असावा.

दुपारीं टोळ्या पाँते वेक्क्यो या जुन्या पुलाकडे निघतात. वाटेंतल्या रस्त्यावरील इमारती साध्या आणि अलीकडच्या दिसतात. ऑगस्ट १९४४ मध्यें माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें शहरांतील इतर सर्व पूल उडविले. १३४५ चा हा पूल राखला, पण त्याच्या दोन्ही तोंडांची मध्ययुगीन वस्ती सुरुंगांनीं जमीनदोस्त केली. सांता त्रिनिता पुलाचे दगड नदींतून वेंचून तो १९५८ मध्यें पुन्हां उभारला. त्यावरील वसंतदेवतेचें शिर मात्र सांपडेना. तें १९६१ मध्यें आर्नोच्या गाळांतून निघालें.

चित्रें त्या वेळीं शहरांत नव्हतीं. खेड्यापाड्यांतील वाड्यांत तीं लपविलीं होतीं. जुलै १९४४ च्या अखेरीस फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येस मोन्तेगुफोनीच्या गढींत लढाईच्या ऐन आघाडीवर एका पलटणीनें ठाणें दिलें, आणि तेथील दालनांत भिंतींना टेकून ठेविलेलीं शेंकडों चित्रें सांपडलीं. त्यांत बोतिचेल्लीचा ‘वसंत’ होता. ती पलटण आठव्या हिंदी डिव्हिजनमधील मराठा लाइट इन्फन्ट्रीची. तोफांच्या माऱ्यांत चित्रांस धक्का लागूं नये म्हणून पलटणीनें तेथें पहारा ठेविला. सातारा-कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांच्या पोरांपुढें आना मारियाच्या करारांतील वस्तु अशा रीतीनें आल्या. त्यांच्यासाठीं छत्री कोणीं धरिली नव्हती.

शहराच्या पश्चिमेस कास्कीने नांवाचा लांबलचक बाग आहे. टोळ्या सहसा इकडे येत नाहींत. बागेच्या टोंकाला, मुन्योने ही लहान नदी आर्नोला मिळते त्या संगमावर, एका मराठी राजाची छत्री आहे. कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज इंग्लंडचा प्रवास आटोपून परत निघाले असतां ३० नोव्हेंबर १८७० रोजीं फ्लॉरेन्समध्यें वारले. वय अवघें वीस वर्षांचें. फ्लॉरेन्स त्या वेळीं इटलीची राजधानी होतें. शव जाळण्याची चाल तेथें नव्हती. तरीहि अधिकाऱ्यांनीं परवानगी दिली, संगमावर चिता रचली आणि हिंदु रीतीनें दहन झालें. चार वर्षांनीं, १८७४ मध्यें, चार्ल्स मँटच्या आराखड्याप्रमाणें तेथें छत्री बांधली व आंत फुलर या मूर्तिकारानें घडविलेला रंगीत अर्धपुतळा बसविला. महाराजांची रोजनिशी १८७२ मध्यें लंडनला छापून निघाली.

१९७८ मध्यें जवळच आर्नोवर एक नवा पूल झाला. लोकांनीं त्यास ‘पाँते आल्लिंदियानो’, म्हणजे हिंदी माणसाजवळचा पूल, असें म्हटलें, आणि तेंच नांव राहिलें. त्यावरून दिवसभर मोटारी जातात. खालीं बागेंत संध्याकाळीं फिरावयास आलेले फ्लॉरेन्सकर छत्रीच्या पायरीवर बसतात, आणि मुलें तिच्याभोंवतीं सायकली फिरवितात.