स्टड गेले, भोकं उघडी पडली

हेड बसवण्याआधी ब्लॉकमधल्या बोल्टच्या भोकांचे आटे साफ करावेत, हा नियम आज गॅरेजमध्ये इंजिनाइतकाच जुना असल्यासारखा सांगितला जातो. जो मिस्त्री तो पाळत नाही, तो हलगर्जी ठरतो आणि त्याच्या गुरूलाही तोच शिक्का बसतो. मला हा निवाडा इतिहासाला धरून वाटत नाही. ही चाल आपल्या भागात तुलनेनं नवी आहे. ब्लॉकमध्ये कायम बसलेले स्टड जाऊन त्यांच्या जागी दरवेळी पूर्ण बाहेर येणारे बोल्ट आले, तेव्हा तिची गरज पडली. त्याआधीच्या पिढीनं भोकं साफ केली नाहीत, कारण साफ करायला भोकं उघडीच नव्हती.

महाराष्ट्रात आणि माळव्यात डिझेल इंजिन पहिल्यांदा घरोब्याचं झालं ते मोटारीत नव्हे, विहिरीच्या काठावर. साताऱ्यात धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानं तिशीच्या दशकात डिझेल इंजिनं घडवली. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानातल्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. पुढे माळव्यातल्या देवासलाही किर्लोस्करांचा पंपांचा कारखाना आला. याच काळात राजकोटच्या कारखान्यांनी इंग्लंडच्या लिस्टर इंजिनाच्या नकला काढून त्या गावोगाव पोचवल्या. मूळ लिस्टर १९२९चं: पाच अश्वशक्तीचं, मिनिटाला जेमतेम ६०० फेरे घेणारं, जाड बिडाचं आणि सावकाश धापा टाकणारं. देवास जिल्ह्याच्या दक्षिणेला सतवास, कन्नौद, खातेगाव हा पट्टा आहे. असा रेल्वेपासून लांब, गहू-हरभऱ्याच्या पाण्यासाठी विहिरी-नाल्यांवर विसंबलेला मुलूख म्हणजे या इंजिनांचं हक्काचं घर. सुटा भाग लांबून आणायचा, तर इंजिन बंद पडल्यावर जागच्या जागी उघडून जागच्या जागी मिटवणारा मिस्त्री लागतो. तो मिस्त्री या इंजिनांवरच घडला.

अशा इंजिनाचं हेड उतरवताना काय होई ते नीट पाहिलं पाहिजे. त्याचं हेड स्टडवर बसे, आणि स्टड एकदा ब्लॉकमध्ये घट्ट बसला की तो तिथेच राही. मिस्त्री वरचे नट सोडवी, हेड उचलून बाजूला ठेवी, कार्बन खरवडी, व्हॉल्व्ह घासून बसवी, नवं गॅसकेट घाली आणि नट पुन्हा आवळी. आटे साफ करायचे ते स्टडच्या वरच्या टोकाचे. ते डोळ्यांसमोर असत, रॉकेलात बुडवलेल्या चिंधीनं पुसले की झालं. खालचं भोक स्टडनंच बुजलेलं, त्यात ना तेल शिरे ना कार्बनचा भुगा. ज्या कामाची गरजच रचनेनं काढून टाकली होती, त्याची सवय त्या मिस्त्रीला असावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

बदल आला तो वेगवान, हलक्या बांध्याच्या वाहन-इंजिनांबरोबर. पुण्याजवळ आकुर्डीत बजाज टेम्पोनं १९८०च्या दशकात मर्सिडीज-बेंझच्या ओएम ६१६ घराण्याचं इंजिन घेतलं. ते ट्रॅक्समध्ये लागलं, आणि धार जिल्ह्यातल्या पिथमपूरला तयार होणाऱ्या ट्रॅव्हलरमध्येही लागलं. या इंजिनाचं हेड धरून ठेवतात ते थेट ब्लॉकमध्ये पिळले जाणारे बोल्ट. हेड उतरवलं की सगळी भोकं तोंड वर करून उघडी पडतात, आणि हेड उचलतानाच शीतकाचं पाणी, काळं तेल, गॅसकेटचे तुकडे त्यांत पडतात. ब्लॉकचा पृष्ठभाग खरवडताना निघालेली भुकटीही तिथेच जाते. सतवाससारख्या गावाच्या बाजारातून धावणारी प्रवासी गाडी आणि त्याच गावाबाहेरचं विहिरीवरचं इंजिन एकाच मिस्त्रीच्या हाताखाली येऊ लागलं, आणि दोन्हींचे नियम वेगळे आहेत हे त्याला सांगायला कुणी नव्हतं.

घाणीनं नेमकं काय बिघडतं? बोल्ट आवळताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण निम्मा बोल्टच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. हेडला ब्लॉकवर दाबून धरण्याच्या कामी येतो तो उरलेला दहाएक टक्के. आट्यांत गंज किंवा वाळलेला चिकटा असेल तर घर्षण थोडंसंच वाढतं, पण ती वाढ त्या दहा टक्क्यांतूनच वजा होते. टॉर्क पान्यावर आकडा बरोबर दिसतो, बोल्ट मात्र सैल राहिलेला असतो. गाडी दोन-चार महिने चालते, मग एका कोपऱ्यातून गॅसकेट उडतं आणि दोष गॅसकेटच्या माथी मारला जातो. बंद बुडाच्या भोकात तेल किंवा पाणी साचलं असेल तर प्रकार याहून वाईट. द्रव दबत नाही. बोल्ट खाली उतरतो तसा त्याचा दाब भोकाच्या भिंतींवर येतो, आणि बिडाच्या ब्लॉकला तडा जातो. तडकलेला ब्लॉक पुन्हा भरवशाचा करणं फार अवघड.

यावर जुन्या हातांची बाजू घेणारे म्हणतात की टॉर्क पाना नसतानाही इंजिनं तीस-तीस वर्षं चालली, अंदाज पुरेसा होता. इंजिनं चालली हे खरं आहे, आणि ते कौशल्य मी कमी लेखत नाही. पण तो अंदाज ज्या पायावर उभा होता तो पाहा: मंद गती, जाड हेड, आणि समोर दिसणारे स्वच्छ आटे. हाताला जी कडकपणाची जाणीव होते ती घर्षणाची असते, दाबाची नव्हे. घर्षण दरवेळी सारखं असेल तरच हात खरं बोलतो. स्टड-नटाच्या जोडीत ते बऱ्याच अंशी सारखं राही. उघड्या, घाण भोकात ते प्रत्येक बोल्टाला वेगळं असतं, आणि तिथे पन्नास वर्षांचा अनुभवही फसतो.

दुसरा आक्षेप असा की कारखान्यातून धुऊन, तपासून आलेल्या ब्लॉकला हे कशाला. तो नव्या ब्लॉकपुरता ठीक आहे. दुरुस्तीच्या दुकानात ब्लॉक कॉस्टिकच्या टाकीत उकळून येतो, फेसिंगला जातो, कडेला उघडा पडून राहतो. त्या प्रत्येक पायरीवर भोकात काही ना काही भरतं. स्वच्छतेसाठी म्हणून धुतलेल्या ब्लॉकचीच भोकं सर्वांत आधी तपासायला हवीत.

सफाईच्या उत्साहातून आलेली एक चूक मात्र मला जास्त खटकते: भोकात सरसकट टॅप मारणं. टॅप हे कापायचं हत्यार. ते घाणीबरोबर आट्यांचा धातूही नेतं आणि बोल्टाची पकड ढिली करतं. चुकीच्या मापाचं असेल तर आटेच उडवतं. हा धोका आपल्याकडे मोठा, कारण इथे मापांचे थर एकावर एक साचले आहेत. व्हिटवर्थनं १८४१ साली सुचवलेले आटे ५५ अंशांचे, अमेरिकन धाटणीचे ६० अंशांचे. बाजारात ज्याला चार सुती म्हणतात त्या अर्ध्या इंची बोल्टाला व्हिटवर्थमध्ये इंचाला १२ आटे, अमेरिकन मापात १३. त्यात १९५६च्या मापविषयक कायद्यानंतर मेट्रिक आलं, आणि बारा मिलिमीटरचा बोल्ट चार सुतीच्या इतका जवळ बसतो की नुसत्या नजरेला फरक कळत नाही. यावर दुकानातलाच जुना इलाज उत्तम आहे. त्याच इंजिनाचा, आटे शाबूत असलेला जुना बोल्ट घ्यायचा, हॅकसॉनं त्याच्या आट्यांवर उभ्या तीन-चार खाचा पाडायच्या, कडा घासायच्या आणि तेलाचा थेंब लावून तो हातानं भोकात फिरवत न्यायचा. घाण खाचांत गोळा होते, धातू कापला जात नाही, आणि माप चुकण्याचा प्रश्न उरत नाही. मग रॉकेल, मग नळीनं भोकाच्या तळापर्यंत हवा, डोळे सांभाळून. जी भोकं पाण्याच्या जॅकेटमध्ये उघडतात तिथल्या बोल्टाला सीलंट लावायचं, बाकीच्यांना इंजिनाच्या पुस्तकात सांगितलं असेल तसं तेल लावायचं किंवा कोरडं ठेवायचं, कारण टॉर्कचा छापील आकडा त्या एकाच अवस्थेसाठी काढलेला असतो.